रविवारी बसण्याआधी एवढं करून या (टर्मिनल आणि गिटची तयारी)

रविवारी गिट शिकायला आपल्याला तीनच तास मिळणारेत आणि मागच्या वेळी त्यातले दीड तास डाउनलोडची पट्टी सरकताना बघण्यात गेले, पाच लॅपटॉप, एक मोबाईल हॉटस्पॉट, शेवटी सगळे उठून चहाला गेलो. म्हणून यावेळी आधीच लिहून ठेवतोय, रात्री जेवल्यावर तासभर काढला तरी उरकेल.

सगळ्यात आधी गिट टाकून घ्या, म्हणजे फाइलींत कधी काय बदललं त्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. ते आपण टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालवणार. विंडोजवाल्यांनी गिट फॉर विंडोज घ्यायचं, त्याच्यासोबत गिट बॅश नावाचं टर्मिनल येतं आणि आपण तेच वापरणार, साधं कमांड प्रॉम्प्ट उघडू नका कारण तिथे एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) टाइप केलं की ते ओळखच दाखवत नाही आणि मग 'दादा माझ्याकडे एरर येतोय' सुरू होतं. इन्स्टॉलर खंडीभर प्रश्न विचारतो, बिनधास्त नेक्स्ट नेक्स्ट करा, फक्त एडिटर कोणता विचारेल तिथे थांबा. तिथे विम हा टर्मिनलमधला एडिटर आधीच निवडलेला असतो, तो बदलून नोटपॅड किंवा असेल तर व्हीएस कोड करा. विममध्ये अडकलात आणि बाहेर पडता येईना तर एस्केप दाबून कोलन, क्यू आणि उद्गारचिन्ह, मग एंटर, हे वहीत लिहूनच ठेवा, कधी ना कधी लागतंच. मॅकवाल्यांनी टर्मिनलमध्ये नुसतं गिट टाइप करून एंटर मारा, नसेल तर तोच टूल्स टाकू का विचारतो, पण हे मोबाईल डेटावर करू नका, डाउनलोड मोठं असतं. उबंटूवाल्यांना सुडो एपीटी इन्स्टॉल गिट, झालं. तिथे पासवर्ड टाइप करताना बहुतेक वेळा स्क्रीनवर टिंबसुद्धा उमटत नाही, कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करत राहा.

मग गिट, स्पेस, दोन डॅश आणि व्हर्जन टाकून आकडा बघा. २.२३ च्या आधीचं असेल तर नवीन टाका, कारण स्विच (ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी फांदी, बदलणारी) आणि रिस्टोअर (फाइल पूर्ववत करणारी) या कमांड त्या व्हर्जनमध्ये, म्हणजे ऑगस्ट २०१९ मध्ये आल्या. जुन्या व्हिडिओंत या दोन्हींच्या जागी सगळीकडे चेकआउटच दिसेल, ते चुकीचं नाही, पण एकच कमांड ब्रँचही बदलते आणि फाइलमधले बदलही पुसते म्हटल्यावर नवीन माणसाचा गोंधळ होणारच.

गिट कॉन्फिगमध्ये, म्हणजे गिटच्या सेटिंगमध्ये, नाव आणि ईमेल एकदाच भरायचं असतं, ते ग्लोबल लावून भरा म्हणजे सगळ्या फोल्डरांना लागू होतं. हा ईमेल प्रत्येक कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) छापला जातो आणि रेपो (गिट नोंद ठेवतं तो फोल्डर) पब्लिक असली तर कोणालाही दिसतो, नको असेल तर गिटहबच्या (रेपो ऑनलाइन ठेवायची साइट) सेटिंगमध्ये नोरिप्लायवाला पत्ता मिळतो तो टाका. गिटहबचं अकाउंट नसेल तर आजच काढा, ईमेल व्हेरिफाय करा आणि ओटीपीवाला फोन रविवारी घरी विसरू नका. पुश करताना, म्हणजे कमिट गिटहबवर चढवताना, टर्मिनलमध्ये अकाउंटचा पासवर्ड टाकून चालत नाही, १३ ऑगस्ट २०२१ पासून ते बंद आहे, टोकन (गिटहबवरून काढायचा पासवर्डसारखा लांब कोड) नाहीतर एसएसएच की (आपल्या लॅपटॉपवर ठेवायची ओळखीची फाइल) लागते. विंडोजवर बहुतेकदा ब्राउझर उघडून लॉगिन होतं त्यामुळे तिथे त्रास कमी.

आता फोल्डर. सराव नावाचा एक बनवा, नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस नको, आणि वनड्राइव्हच्या आत तर अजिबात नको. मराठीत नाव दिलं तरी गिट चालतं, पण गिट स्टेटस (काय बदललंय ते दाखवणारी कमांड) बघितलं की 'वर्गणी'च्या जागी बॅकस्लॅश ३४०, बॅकस्लॅश २४४ असली आकड्यांची माळ दिसते, घाबरू नका, कॉन्फिगमध्ये कोअर डॉट कोटपाथ फॉल्स केलं की नीट अक्षरं येतात. आणि गिट इनिट (फोल्डरची रेपो बनवणारी कमांड) करण्याआधी पीडब्ल्यूडी टाकून आपण कुठे उभे आहोत ते बघायचं, नाहीतर अख्ख्या होम फोल्डरची रेपो होते आणि स्टेटसमध्ये डाउनलोड्स, फोटो सगळी वरात निघते.

सीडी (फोल्डर बदलणं), एलएस, एमकेडीआयआर (नवा फोल्डर), सीपी (कॉपी), एमव्ही (हलवणं किंवा नाव बदलणं) एवढं हाताखालून घालून या, पाठ नको, अर्धं नाव टाइप करून टॅब दाबायची सवय लागली तरी खूप. आरएम, म्हणजे फाइल काढून टाकणं, मात्र जपून, ते रिसायकल बिनमध्ये टाकत नाही, उडवतं. मी कॉलेजात असताना सगळ्या टीएक्सटी फाइली उडवायला आरएम, तारांकन, डॉट टीएक्सटी लिहिलं आणि तारांकनानंतर चुकून एक स्पेस पडली. एक स्पेस! त्याचा अर्थ झाला 'आधी इथल्या सगळ्या फाइली उडव, मग डॉट टीएक्सटी शोध'. सबमिशनचा आठवडा होता.

म्हणून घरून एक प्रयोग करून याच. मंडळाच्या वर्गणीची फाइल बनवा, मांडव ८०००, ढोल ५०००, प्रसाद २०००, अशा तीन ओळी. गिट इनिट, ॲड (कुठली फाइल नोंदवायची ते सांगणं), कमिट (नोंद पक्की करणं), कमिटला डॅश एम लावून मेसेज द्या. मग ढोलाचे ५००० चे ७००० करा आणि गिट डिफ मारा, जुनी ओळ उणे चिन्ह लावून आणि नवी अधिक चिन्ह लावून एकाखाली एक दिसेल, खजिनदाराला दाखवण्यासारखी गोष्ट आहे. तो बदल कमिट करा आणि मग आरएम तारांकन मारा, हो, मुद्दाम, पण आधी पीडब्ल्यूडीने सरावमध्येच आहात ना ते दोनदा बघून. फोल्डर रिकामा दिसेल. आता गिट रिस्टोअर आणि पुढे एक टिंब. वर्गणी परत, ढोलाच्या ७००० सकट. डॉट गिट हा लपलेला फोल्डर असतो, सगळी नोंद त्यातच असते, आणि तारांकनाच्या तावडीत तो सापडत नाही म्हणून हे जमतं, पण तोच उडवलात तर मात्र मी काही करू शकत नाही.

गिट लॉगमध्ये (कमिटांची यादी) कोलनवर अडकलात तर क्यू, काही चालूच राहिलं तर कंट्रोल सी. गिट बॅशमध्ये पेस्ट शिफ्ट इन्सर्टने होतं.

चार्जर आणा. एक्स्टेन्शन बोर्डही कोणीतरी आणा, माझ्याकडच्या बोर्डाची तीनपैकी दोनच भोकं चालतात.