येऊरचं जंगल तुमच्या इमारतीची हवा किती साफ करतं? घरच्या घरी मोजायची रीत

ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला गेलं की "मागे जंगल आहे, हवा एकदम स्वच्छ" हे ऐकावंच लागतं. पण मागे जंगल असणं वेगळं आणि जंगलावरून आलेली हवा खिडकीत शिरणं वेगळं. हा फरक मोजता येतो. एका मोजणीला हवेतले बारीक कण मोजणारे तीन सेन्सर आणि पंधरा दिवस पुरतात.

आधी वारा समजून घ्या. येऊरचं जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. हे उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं, ठाण्याच्या पश्चिमेला. दुपारी समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून, म्हणजे टेकडी ओलांडून येतो. हिवाळ्यात रात्री-पहाटे वारा पडतो, किंवा उलटा भिवंडी-कल्याणच्या बाजूने येतो. त्याच वेळी गार हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर-धूळ वर चढत नाही. हवा सगळ्यात वाईट असते तेव्हा जंगलावरून वारा येतच नाही. म्हणून दिवसभराची एकच सरासरी काढू नका. दुपारी १ ते ६ आणि रात्री ११ ते सकाळी ८ असे दोन वेगळे कप्पे ठेवा.

सेन्सर पीएमएस५००३ किंवा एसडीएस०११ जातीचा घ्या, सोबत आर्द्रता मोजणारा छोटा सेन्सर आणि आकडे नोंदवायला वायफायवाला बोर्ड. पीएमएस५००३ ला ५ व्होल्ट लागतात, पंखा सुरू झाल्यावर पहिल्या ३० सेकंदांचे आकडे टाकून द्या. तो दोन प्रकारचे आकडे देतो. बाहेरच्या हवेसाठी 'वातावरणीय' घ्यायचे. एसडीएस०११ चं आयुष्य सुमारे ८,००० तास, म्हणजे सलग चालवला तर जेमतेम ११ महिने. दर पाच मिनिटांनी मिनिटभर जागा केला तर बराच टिकतो.

मोजायला निघण्याआधी तिन्ही सेन्सर एकाच गॅलरीत शेजारी-शेजारी ४८ तास ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग यंत्रांमधला फरक जंगलाच्या नावावर खपवतात. एकाची सरासरी ६२ आणि दुसऱ्याची ७१ आली, तर दुसऱ्याच्या पुढच्या सगळ्या आकड्यांना ०.८७ ने गुणा.

आता जागा. पहिला मानपाडा नाक्याजवळ, रस्त्याला लागून. दुसरा टिकुजिनी वाडी या मनोरंजन उद्यानाच्या बाजूला, जंगलाच्या कडेच्या एखाद्या सोसायटीत (वनखात्याच्या हद्दीत लावायला परवानगी लागते, त्या भानगडीत पडू नका). तिसरा रस्त्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर, पण उलट्या बाजूला, कोलशेतकडे. खरी गंमत या तिसऱ्यात आहे. जंगलाकडचा आकडा नाक्यापेक्षा कमी येणारच, कारण तिथे वाहनं कमी. दुपारी जंगलाकडचा कमी आणि रात्री कोलशेतचा कमी असं उलटलं, तर श्रेय वाऱ्याचं. दोन्ही कप्प्यांत जंगलाकडचाच कमी राहिला, तरच पानांकडे बोट दाखवा. तेही कोलशेतच्या सेन्सरजवळ कचरा जाळणं किंवा बांधकाम चालू नाही ना, हे बघून. सेन्सर जमिनीपासून दोन-तीन मीटरवर, पावसा-उन्हापासून आडोशाला, पण चारही बाजूंनी हवा खेळेल असा टांगा. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दूर. एका फोडणीने तासाभराची सरासरी बिघडते.

सगळ्यात जास्त फसवते ती आर्द्रता. पहाटे जंगलाच्या कडेला दव नि धुकं असतं, कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सरमधला लेझर त्यांना मोठे समजतो. मग येऊरची हवा रस्त्यापेक्षा घाण असल्याचा साक्षात्कार होतो. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेल तेव्हाचे आकडे गाळा. दुसरी मर्यादा: हे स्वस्त सेन्सर जाड धूळ नीट पकडत नाहीत. रस्ता खोदलेला असेल तर पीएम १० च्या (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या) आकड्यावर भरवसा नको, पीएम २.५ च (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) बघा. त्याची भारतातली मर्यादा २४ तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५.

जाड धुळीसाठी पानं जास्त प्रामाणिक. पाऊस नसलेल्या आठवड्यात, छातीच्या उंचीवरच्या करंजाच्या वीस पर्णिका (एका देठावरची सुटी छोटी पानं) देठाला धरून तोडा. पान चिमटीत दाबलं की निम्मी धूळ बोटालाच लागते. आकार आलेख-कागदावर गिरवून क्षेत्रफळ काढा, एका बाजूचंच. मग पानं मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी डिस्टिल्ड पाण्यात धुवा. आधी वाळवून तोललेल्या गाळण कागदातून ते पाणी गाळा, कागद पुन्हा वाळवून तोला. काटा १ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, सोनाराचा साधा काटा पुरत नाही. समजा ८०० चौरस सेंटिमीटरवर १६० मिलिग्रॅम निघाले, तर चौरस सेंटिमीटरला ०.२. हेच रस्त्यावर आणि जंगलाच्या कडेला, एकाच जातीच्या झाडावर करा.

रस्त्याकडच्या पानावर जास्त धूळ निघाली म्हणून हुरळू नका. पानाने ती कायमची गिळलेली नसते. वाऱ्याने पुन्हा उडते, पावसाने धुतली तरच खाली जाते. शहराच्या एकूण पीएम २.५ मध्ये झाडांमुळे होणारी घट बहुतेक अभ्यासांत एकआकडी टक्क्यांतच दिसते. जंगलाचा मोठा उपकार दुसराच: तेवढ्या जागेत चूल, ट्रक आणि सिमेंट मिक्सर नाहीत.

मोजणी एकदा डिसेंबरमध्ये आणि पुन्हा मार्चमध्ये करा. येऊरचं जंगल मुख्यतः पानगळीचं. मार्चमध्ये सागाच्या फांद्या बोडक्या असतात, आणि नेमका तोच वणव्यांचा काळ. कडेला कुठे गवत पेटलं, तर त्या रात्री टिकुजिनी वाडीचा सेन्सर मानपाडा नाक्यालाही मागे टाकू शकतो. अशा रात्रीची नोंद गाळू नका, तारखेसकट वेगळी ठेवा.