गाडीचा एसी गार हवा देईना? गॅस भरण्याआधी हे तपासा

एसीतून गरम हवा येऊ लागली की पहिला निदान ठरलेलं असतं: गॅस संपला. पण एसीचा गॅस इंधनासारखा जळत नाही, तो बंद नळ्यांत गोल गोल फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे मान्य. मागच्या वर्षी भरलेला गॅस यंदा नाहीसा झाला असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नवा गॅस भरणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी ओतणं. शिवाय अनेकदा दोष गॅसचा नसतोच.

आधी एवढंच ठरवा: हवाच कमी येते आहे, की हवा भरपूर आहे पण गरम आहे?

हवा कमी असेल तर केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) काढून बघा. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डमधल्या सामानाच्या कप्प्यामागे असतो. सुरुवातीला छान गारवा आणि तासाभराने हवा मंदावत गेली, तर आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर १०–१५ मिनिटं चालवा. हवेचा जोर परत आला आणि गाडीखाली भरपूर पाणी गळलं, तर शंका खरी. कारण सहसा बिघडलेला थर्मिस्टर (कॉइलचं तापमान मोजणारा सेन्सर), चोंदलेला फिल्टर किंवा कमी झालेला गॅस.

हवा भरपूर पण गरम असेल तर इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा. एसी सर्वात कमी तापमानावर, ब्लोअर पूर्ण, आतलीच हवा फिरवण्याचं बटण चालू. हात, बाह्या, ओढणी पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब; पंखा न सांगता सुरू होतो.

गॅस दाबून फिरवणाऱ्या कंप्रेसरची पुली कायम फिरते. बघायचं ते तिच्या पुढच्या चकतीकडे, म्हणजे क्लचकडे. एसी लावल्यावर "टक्" आवाज होऊन चकतीही फिरली पाहिजे. नाही फिरली तर फ्यूज तपासा, मग त्याच क्रमांकाचा शेजारचा रिले (विजेवर चालणारा स्विच) तिथे बसवून पाहा. तरीही नाही, तर क्लचच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावा. १२ व्होल्ट येत असूनही क्लच लागत नसेल तर क्लचची कॉइल जळली आहे (चांगल्या कॉइलचा रोध साधारण ३–४ ओहम) किंवा चकती आणि पुलीमधली फट झिजून वाढली आहे. ही फट बहुतेक कंप्रेसरमध्ये ०.३ ते ०.६ मिमी असते. थंड असताना लागणारा आणि तापल्यावर सुटणारा क्लच फटीकडेच बोट दाखवतो.

व्होल्टेजच येत नसेल तर गाडी कंप्रेसर मुद्दाम बंद ठेवत असू शकते. इंजिन जास्त तापलं तरी ती असं करते. गॅस फार कमी झाल्यावर प्रेशर स्विच क्लचची वीज तोडतो, कारण कंप्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही तर तेल नाही. म्हणून वायर जोडून स्विचला बगल देऊन कंप्रेसर पळवू नका.

अनेक नव्या गाड्यांत क्लचच नसतो, कंप्रेसर कायम फिरतो. तिथे "टक्" शोधण्यात अर्थ नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत कंप्रेसर विजेवर चालतो. नारिंगी केबल दिसली की हात मागे घ्या. त्यात जीवघेणा विद्युतदाब असतो आणि तेलही वेगळं लागतं.

रस्ता मोकळा असताना गार, सिग्नलला थांबलं की गरम? मग कंडेन्सरचा, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस थंड करणाऱ्या जाळीचा, पंखा बघा. पंखा ठीक असेल तर जाळी धुवा. आतून बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने. जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे दुमडतात आणि उपाय रोगाहून वाईट ठरतो.

आता पाइप. जाड पाइप गार आणि ओला, बारीक पाइप गरम असायला हवा. बारीक पाइप चटका देऊ शकतो, हात जपून लावा. जाड पाइप छान गार असूनही आत गरम हवा येत असेल तर गॅसला दोष देऊ नका. गरम-थंड हवा मिसळणारी झडप किंवा तिची छोटी मोटर अडकली आहे. तापमान बदलताना डॅशबोर्डमागे टकटक ऐकू येते का, ते बघा.

यापुढे दाब मोजणारे गेज लागतात. आर१३४ए गॅस, बाहेर ३०–३५ अंश सेल्सिअस, इंजिन साधारण १५०० फेऱ्यांवर: कमी दाबाची बाजू ३०–४५ पीएसआय, जास्त दाबाची १८०–२५० च्या आसपास. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जास्त भरला आहे, नळ्यांत हवा शिरली आहे किंवा कंडेन्सर तापतो आहे. कमी बाजू चढलेली आणि जास्त बाजू उतरलेली, म्हणजे बहुधा कंप्रेसर थकला. कमी बाजू शून्याकडे गेली तर एक्सपान्शन व्हॉल्व (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणारी बारीक झडप) तुंबला. काही मिनिटं गार, मग गरम, थोडं थांबल्यावर पुन्हा गार असं चक्र चालत असेल तर आत ओल आहे आणि ती व्हॉल्वमध्ये गोठते आहे.

इंजिन बंद असतानाच्या दाबावर विसंबू नका. ३० अंशांना दोन्ही गेज साधारण ९५ पीएसआय दाखवतात, आणि आत थोडा जरी द्रवरूप गॅस उरला असेल तरी आकडा तोच राहतो. म्हणूनच गॅस वजनानेच भरायचा. किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. स्टिकरवर आर१२३४वायएफ हा दुसरा गॅस असेल तर त्यात आर१३४ए मिसळायचा नाही.

गळती शोधताना तेलकट, धूळ चिकटलेले डाग बघा: कंडेन्सरच्या पुढच्या बाजूला, जोडांवर, कंप्रेसरच्या शाफ्टजवळ, गॅस भरायच्या सर्व्हिस व्हॉल्वच्या टोपणाखाली. नाहीतर नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावा. गॅरेजमधल्या हवेच्या कंप्रेसरची हवा वापरू नका, तिच्यातली ओल आत जाते. "गळती बंद करणारं" द्रव्य ओतणं टाळाच. ते व्हॉल्वमध्ये आणि गॅस काढणाऱ्या यंत्रात घट्ट होऊन बसतं.

जोड उघडला की ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) नवी, तीही कंप्रेसरचं तेल लावून. सिस्टीम बराच वेळ उघडी राहिली असेल तर ओल शोषणारा रिसीव्हर ड्रायरही बदला. मग पंपाने ३०–४५ मिनिटं व्हॅक्यूम (आतली हवा ओढून काढणं), पंप बंद करून १५–२० मिनिटं थांबा. काटा हलता कामा नये. पण काटा स्थिर राहिला म्हणून गळती नाहीच, असं समजू नका. व्हॅक्यूममध्ये फरक जेमतेम एका वातावरणाचा असतो, चालू एसीत पंधरापट. जुना गॅस हवेत सोडू नका, आणि भरलेल्या सिस्टीमचा नट स्वतः कधीच सैल करू नका: उडालेला द्रव उणे २६ अंशांना उकळतो, डोळा जाऊ शकतो.

गॅस काढण्या-भरण्याचं काम यंत्र असलेल्या मेकॅनिककडेच करा, आणि यंत्राने जुना गॅस किती ग्रॅम काढला व नवा किती भरला, हे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या. पुढच्या खेपेला गळती किती वेगाने होते आहे, ते त्यावरूनच कळेल.