सप्टेंबर-ऑक्टोबरचा भाजीपाला: रोप टाकायच्या आधी या चुका टाळा

गणपती बसले की आपल्याकडं रोप टाकायची घाई सुरू होते. शेजाऱ्याने कोबी टाकला, मावसभावाने कांद्याचं उळे (बी) टाकलं, दुकानदार म्हणतो बी संपत आलंय, मग आपणही चार पाकिटं आणतो आणि वाफा करून मोकळे होतो. पण ते रोप जाणार कुठल्या रानात, तिथं आत्ता सोयाबीन उभं आहे ते कधी निघणार, निघाल्यावर वाफसा (मशागतीजोगी ओल) कधी येणार, याचा हिशेब फार कमी लोक करतात. एक-दोन एकरवाल्याचा रब्बी भाजीपाला माझ्या मते सगळ्यात जास्त इथंच फसतो, रोगाने नंतर. रोप तयार असतं आणि रान तयार नसतं.

म्हणून हिशेब उलटा करा. आधी रानाची तारीख काढा आणि मग तिथून मागं मोजत रोपाची. समजा सोयाबीन २५ जूनला पेरलंय आणि व्हरायटी १०५ दिवसांची आहे, म्हणजे काढणी साधारण ८ ऑक्टोबरला. त्यात मळणी, काड बाहेर काढणं, रोटर, शेणखत, सऱ्या, हे सगळं कोरडं हवामान असलं तरी दहा-बारा दिवस खातं, आणि परतीचा पाऊस झाला तर काळ्या रानात आणखी आठवडाभर पाय ठेवता येत नाही. म्हणजे लागवड २५ ऑक्टोबरच्या पुढं. कोबी-फ्लॉवरचं रोप २५ ते ३० दिवसांचं लावायचं असतं, म्हणजे बी टाकायचं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तेच तुम्ही ५ सप्टेंबरला टाकलं तर लावताना रोप ५० दिवसांचं होतं, खोड लाकडासारखं कडक झालेलं, ट्रेमध्ये मुळं गोल गोल गुंडाळलेली, आणि असं रोप रानात गेल्यावर महिनाभर नुसतं उभं राहतं. मग आपण म्हणतो टॉनिक मारा, ह्युमिक सोडा. वय झालेल्या रोपावर कुठलंच औषध चालत नाही हो, तो खर्च वाया जातो.

पावसाचा भरवसा नसेल तर अर्धं बी आज आणि अर्धं दहा दिवसांनी टाका. एक लॉट पावसात गेला तरी दुसरा हातात राहतो.

कांद्यात व्हरायटी आणि हंगाम यांची गल्लत

यावर थोडं जास्त लिहितो कारण नुकसान इथंच मोठं होतं. आपल्याकडं कांद्याचे तीन हंगाम. खरिपाचा पोळ, मग रांगडा (उशिरा खरिपाचा) आणि शेवटी उन्हाळ. रांगड्याचं उळे ऑगस्ट ते सप्टेंबरच्या सुरुवातीला पडतं आणि लागण ऑक्टोबरच्या आसपास, उन्हाळचं उळे ऑक्टोबर-नोव्हेंबरला आणि लागण डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. आता सप्टेंबर-ऑक्टोबर हा असा मधला काळ आहे की दुकानात दोन्ही प्रकारचं बी एकाच फळीवर असतं आणि माणूस रंग आणि भाव बघून उचलतो.

बसवंत ७८० ही मुळात खरिपातली व्हरायटी, फुले समर्थ खरीप आणि रांगड्यातली. यांचं बी उन्हाळीसाठी टाकून तो कांदा चाळीत (साठवणुकीच्या शेडमध्ये) भरायचं स्वप्न बघू नका, टिकवणक्षमता नसते, चाळीत सडतो आणि कोंब येतात. एन-२-४-१, भीमा किरण, ॲग्रीफाउंड लाईट रेड हे उन्हाळी कांदे, चाळीत पाच-सहा महिने काढतात ते हेच. भीमा शक्ती रांगडा आणि उन्हाळ दोन्हीला चालते, म्हणून तारीख मागेपुढे होईल अशी शंका असेल तर मला ती बरी वाटते. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, भीमा नावाच्या सगळ्या व्हरायट्या तिथल्याच, कुठली कुठल्या हंगामाची ते तिथून नीट कळतं, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

डेंगळे (फुलाचे दांडे) का येतात हा दरवर्षीचा प्रश्न. व्हरायटी चुकली हे एक कारण झालंच, पण रोप जास्त वयाचं आणि जाड झालेलं असेल आणि पुढं कडाक्याची थंडी लागली, तर कांदा पोसायचं सोडून फुलावर जातो. रांगड्याला ४५ ते ५० दिवसांचं आणि उन्हाळीला ५० ते ५५ दिवसांचं रोप घ्या, पेन्सिलीएवढी जाड झालेली रोपं बाजूला काढा, जीव हळहळला तरी काढा. जोड कांदे जास्त निघत असतील तर पाण्याचा ताण पडून मग एकदम भरपूर पाणी दिलं का, युरिया जास्त झाला का, लागण फार विरळ झाली का, हे तपासा. अंतर १५ बाय १० सेंटिमीटर ठेवलं की माल एकसारखा येतो.

कांद्याचं बी वर्षभरापेक्षा जुनं झालं की उगवण धाडकन उतरते. घरचं किंवा पाहुण्यांकडचं बी असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठ-दहा दिवसांत मोजा, ७० च्या खाली कोंब आले तर ते बी टाकू नका. एकरी साधारण अडीच ते तीन किलो बी आणि दोन गुंठ्याचा गादीवाफा (उंच केलेला वाफा) पुरतो. लोक चार-पाच किलो फेकतात, रोप दाट होतं, पिवळं पडतं, मग मर लागते.

मर लागली की लगेच औषधाकडं पळू नका

मर म्हणजे रोप जमिनीलगत पाणचट होऊन आडवं पडतं आणि वाफ्यात गोल गोल ठिगळं दिसतात. बहुतेक वेळा कारण पाणी. सपाट वाफा केलाय, परतीच्या पावसाचं पाणी साचलंय, वरून आपण सवयीने रोज संध्याकाळी झारी फिरवतोय. गादीवाफा एक मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर तरी उंच हवा, बी ओळीत आणि सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल टाका. शेणखत पूर्ण कुजलेलं पाहिजे, अर्धकच्चं घातलं की हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि बुरशीलाही आयतं घर मिळतं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मिसळून टाकणार असाल तर त्याच आठवड्यात रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) करू नका, आपल्याच हाताने ट्रायकोडर्मा मारल्यासारखं होतं. मर दिसली तर आधी पाणी बंद, सावलीचं नेट बाजूला, ओळींमधली माती मोकळी करून हवा खेळू द्या, आणि मग शिफारशीतल्या बुरशीनाशकाची आळवणी.

पावसानंतर रोप पिवळं पडलं की युरिया टाकणं ही पण सरसकट चूक. मुळं पाण्यात गुदमरल्यामुळं ते पिवळं दिसतंय. वाफसा येऊ द्या, दोन-तीन दिवसांत स्वतःच सावरतं, नाही सावरलं तर १९:१९:१९ या विद्राव्य खताची हलकी फवारणी.

टोमॅटो-मिरचीच्या रोपाला मात्र पाण्याइतकीच भीती पांढऱ्या माशीची. पानं वाकडी करणारा व्हायरस बऱ्याच वेळा नर्सरीतच लागतो आणि दिसतो रानात गेल्यावर महिनाभराने. तेव्हा काहीच करता येत नाही. किमान ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) नेट पहिल्या दिवसापासून लावा आणि कडेने माती दाबून घ्या, खालून फट ठेवली तर नेट असून नसल्यासारखी.

सोयाबीनमधलं तणनाशक कोबीत निघतं

हे फार लोकांना माहीतच नसतं म्हणून कळकळीने सांगतो. सोयाबीनला इमाझेथापायर असलेलं तणनाशक मारलं असेल तर त्याचा अंश जमिनीत महिनोन्महिने राहू शकतो, आणि कोबी, फ्लॉवर, मुळा, बीट, कांदा ही पिकं त्याला नाजूक. लक्षणं अशी की रोप मरत नाही पण वाढत पण नाही, शेंडा पिवळट, मुळं आखूड आणि जाड. माणूस समजतो सूत्रकृमी (मुळांतले बारीक जंत) आहे किंवा अन्नद्रव्य कमी पडलंय, आणि हजारो रुपये ड्रिपमधून सोडतो.

याची तपासणी घरच्या घरी होते. रानातली चार-पाच ठिकाणची माती एका कुंडीत घ्या, दुसऱ्या कुंडीत बांधाकडची, जिथं फवारा गेला नाही ती माती घ्या, दोन्हीत मोहरी किंवा मुळ्याचं बी टाका आणि दोन आठवडे बघा. फरक दिसला तर त्या तुकड्यात यंदा हरभरा किंवा वाटाणा घ्या, कोबी दुसऱ्या रानात न्या. ही कुंडी सोयाबीन उभं असतानाच लावली तर रोप टाकायच्या आत उत्तर हातात येतं. आणि तणनाशकाची रिकामी बाटली लगेच भंगारात देऊ नका, तिच्यावर पुढं कुठलं पीक कधी घ्यायचं ते लिहिलेलं असतं.

फ्लॉवरचं बटण

फ्लॉवरला लवकर येणाऱ्या आणि उशिरा येणाऱ्या अशा वेगवेगळ्या व्हरायट्या असतात आणि त्यांचं सगळं गणित तापमानावर चालतं. लवकरची व्हरायटी नोव्हेंबरच्या थंडीत लावली तर झाड लहान असतानाच लिंबाएवढा गड्डा धरतं आणि थांबतं, यालाच बटण म्हणतात. उलट स्नोबॉलसारखी थंडीची व्हरायटी सप्टेंबरच्या उष्णतेत लावली तर नुसता पाला वाढत जातो आणि गड्डा येतच नाही. हायब्रिड असेल तर पाकिटावर हंगाम छापलेला असतो, तो वाचा. जुनं झालेलं रोप लावलं किंवा सुरुवातीच्या महिन्यात नत्र आणि पाणी कमी पडलं तरी बटणच. गड्ड्यावर तपकिरी डाग आणि खोड आतून पोकळ असेल तर बोरॉन बघा.

कोबी लावणार असाल तर मोहरी विसरू नका, कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी. त्यातली एक ओळ कोबीच्या पंधरा दिवस आधी पेरायची म्हणजे कोबीवर ज्याची अळी पडते तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग तिकडं जातो. हे पण आधीच ठरवावं लागतं, कोबी लावून झाल्यावर आठवून उपयोग नाही.

विहिरीला विचारून पीक ठरवा

ऑक्टोबरमध्ये विहीर काठोकाठ भरलेली असते आणि त्या पाण्याकडं बघून आपण एकरभर उन्हाळ कांदा ठरवून टाकतो. उन्हाळ कांद्याला मध्यम जमिनीत पाण्याच्या १२ ते १५ पाळ्या लागतात आणि त्यातल्या महत्त्वाच्या, कांदा पोसायच्या वेळच्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. गेल्या दोन-तीन वर्षांत विहीर कुठल्या महिन्यात तळाला गेली ते आठवा. फेब्रुवारीत जात असेल तर कोबी, मेथी, कोथिंबीर, वाटाणा असं जानेवारीपर्यंत निघणारं पीक घ्या आणि कांदा दहा-पंधरा गुंठ्यांवर ठेवा. कोकणात भात कापल्यावर घेतात त्या भाज्यांनाही हेच लागू, अलिबागचा पांढरा कांदा भाताच्याच रानात होतो, भात लांबलं की तिथंही रोप वाट बघत बसतं.

सगळं रान एका दिवशी लावायचा मोह पण टाळा. कोबी दोन बाय दीड फुटावर लावला तर गुंठ्याला ३६३ रोपं बसतात, वीस गुंठ्याला सव्वासात हजार. हे सगळे गड्डे एकाच आठवड्यात तयार झाले आणि त्याच आठवड्यात मार्केट पडलेलं असलं तर काय करणार? दोन-तीन टप्पे करा, बारा-पंधरा दिवसांच्या अंतराने. मेथी-कोथिंबीर तर आठ-दहा दिवसांनी दोन-दोन गुंठे टाकत राहा. रोपं मात्र दहा टक्के जास्त ठेवा, नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) आठ-दहा दिवसांच्या आत भरल्या तरच ती झाडं बाकीच्यांच्या बरोबरीने येतात.

आणि दिवाळी. रोप लावायला येण्याची तारीख दिवाळीच्या आठवड्यात पडत असेल तर आधीच बदला, कारण त्या दिवसांत मजुरांच्या टोळ्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर रेट परवडत नाही. कांदा लागणीला तर टोळी महिनाभर आधी सांगून ठेवावी लागते.

गाजर, मुळा, बीट यांचं रोप करू नका, जाग्यावरच पेरा, आणि त्या रानात ताजं शेणखत नको, मुळांना फाटे फुटतात. धणे रगडून दोन डाळी करून, बारा तास भिजवून टाका. अख्खे धणे पेरून पंधरा दिवस वाट बघणारे अजून आहेत. वाटाणा ऑक्टोबरच्या मध्यानंतर, ऊन कमी झाल्यावर. सप्टेंबरच्या ओल्या गरम रानात बी कुजतं आणि उगवलेलं मरतं.

तयार रोप विकत घेताना

नर्सरीत गेलात की उंच आणि गर्द हिरवं रोप बघून भुलू नका. सावलीत लांबलेलं असतं ते. एक रोप ट्रेमधून उपसून बघा, मुळं पांढरी पाहिजेत, तपकिरी नको, आणि मातीचा गड्डा अख्खा निघाला पाहिजे. बी कुठल्या तारखेला टाकलं ते विचारा, लॉट नंबर आणि व्हरायटीचं नाव बिलावर लिहून घ्या, नुसतं "कोबी रोप" असं बिल तक्रारीच्या वेळी चालत नाही. घरी बी टाकणार असाल तर रिकामं पाकीट आणि चिमूटभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. बुकिंग करतानाच सांगा की शेवटचे चार-पाच दिवस पाणी कमी द्या म्हणजे रोप कणखर होईल, आणि ट्रे घरी आले की लगेच भर दुपारी लावायला बसू नका. एक रात्र बांधावर झाडाखाली ठेवा, दुसऱ्या दिवशी रान आधी ओलवून घ्या, चार वाजल्यानंतर लावायला सुरुवात करा, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं (लागणीनंतरचं दुसरं) हलकं पाणी द्या.