कमरेला परवान्याची गन आणि मागे पोलिसांची गाडी: या चुका टाळा

पुण्या-नागपुरात गाडी शिकलेल्या माणसाला पोलिसानं हात दाखवला, की तो गाडी कडेला घेतो, खाली उतरतो आणि कागदपत्रं हातात धरून साहेबांकडे चालत जातो. आपल्याकडे ती नम्रता समजली जाते. अमेरिकेत ती धोक्याची, आणि कमरेला गन असेल तर जिवावर बेतणारी. मी टेक्सासमध्ये राहतो, माझ्याकडे हँडगनचा परवाना आहे, आणि आपल्या लोकांच्या हातून ज्या चुका होताना दिसतात त्या इथे मांडतो आहे.

तेव्हा पहिलं म्हणजे, गाडीतून आपण होऊन उतरू नका. मागे लाल-निळे दिवे दिसले की इंडिकेटर द्या, सावकाश कडेला घ्या, इंजिन बंद करा, काच पूर्ण खाली करा. रात्र असेल तर आतला दिवा लावा. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर, वरच्या बाजूला. पोलीस खिडकीशी येतो तेव्हा आधी तुमचे हात बघतो. त्यानं उतरायला सांगितलं तर मात्र हुज्जत नको. १९७७ च्या पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला तो अधिकार दिलेला आहे.

खरी मोठी चूक पोलीस दिसण्याच्या कितीतरी आधी, घरातून निघतानाच झालेली असते. गन ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवायची आणि गाडीचा इन्शुरन्सही तिथेच. आता पोलीस इन्शुरन्स मागणार, तुम्ही झाकण उघडणार, आणि कागदांवर ठेवलेली गन त्याला दिसणार. दुसरा प्रकार कमरेचा. होल्स्टर, म्हणजे गन अडकवायचं म्यान, उजव्या कुल्ल्यावर, पाकीट पँटच्या उजव्या मागच्या खिशात. दोन्हींत वीतभर अंतर नसतं. एकदा सीटवर बसून, बेल्ट लावून, ते पाकीट काढून बघा: कोपर मागे जातं, खांदा झुकतो, हात शर्टाखाली शिरतो. बाहेर उभ्या माणसाला ही हालचाल गन काढण्यासारखीच दिसते. म्हणून पाकीट डाव्या खिशात किंवा शर्टाच्या खिशात, आणि गाडीचे कागद वर सन व्हायझरला.

हे मी इतकं घोळवून सांगतो आहे त्याला कारण आहे. ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटातल्या फॅल्कन हाइट्समध्ये फिलँडो कॅस्टील यांची गाडी थांबवली गेली. ते सेंट पॉलच्या एका शाळेत मुलांच्या जेवणाची व्यवस्था बघत. त्यांच्याकडे परवाना होता. इन्शुरन्सचं कार्ड त्यांनी दिलं आणि ‘सर’ म्हणून, शांतपणे, आपल्याजवळ गन आहे हे स्वतःहून सांगितलं. पोलीस म्हणाला, तिकडे हात नेऊ नका. मी काढत नाही, असं ते सांगत असतानाच त्यानं सात गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. २०१७ मध्ये तो पोलीस निर्दोष सुटला. कॅस्टील यांची चूक होती असं मी मुळीच मानत नाही. आपल्या हातात एवढंच आहे, की गनचा विषय निघाल्यावर हात जागचा हलू द्यायचा नाही.

म्हणून बोलायचं ते हात स्टिअरिंगवर ठेवूनच. ‘ऑफिसर, माझ्याकडे हँडगनचा परवाना आहे. गन माझ्या उजव्या कमरेला आहे. लायसन्स डाव्या खिशात आहे. आता काय करू?’ सुरुवात परवान्यापासून करा. ‘आय हॅव अ गन’ एवढं तुटक वाक्य कधीच नको. आणि गन दाखवायला म्हणून तिला हात लावायचा नाही, त्यानं ‘कुठे आहे?’ विचारलं तरी बोट न दाखवता तोंडानंच सांगायचं.

सांगणं कायद्यानं बंधनकारक आहे का, हे राज्यागणिक बदलतं. मिशिगनमध्ये न विचारताही लगेच सांगावं लागतं, नाही सांगितलं तर पहिल्याच वेळी ५०० डॉलर दंड. मिनेसोटात विचारल्यावर सांगायचं. टेक्सासमध्ये परवानाधारकाच्या अंगावर गन असेल तर ओळखपत्र मागताच गाडीचं आणि गनचं, दोन्ही लायसन्स द्यायची. इथे १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही गन बाळगता येते, पण ती मोकळीक राज्याच्या सीमेपर्यंतच. न्यू जर्सी तर दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना मानत नाही. पेनसिल्व्हेनियातून एडिसनला गणपतीला निघालात तर गन घरीच ठेवा.

आणि एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. ग्रीन कार्ड असेल तर गन बाळगता येते. एच-१बी (नोकरीच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थ्यांच्या) व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्यानं मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. एमएसला आलेल्या भाच्याला विमानतळावर जायला गाडीची किल्ली देताना कन्सोलमधली गन काढून घ्या. गाडी थांबवली तर उत्तरं त्याला द्यावी लागतील, आणि पणाला लागेल त्याचा व्हिसा.

पोलिसानं गन ताब्यात घेतली तर घेऊ द्या. टेक्सासमध्ये तो सुरक्षिततेसाठी तसं करू शकतो, आणि अटक नसेल तर सोडताना त्यानं ती परत द्यायची असते. बऱ्याचदा ती रिकामी करून दिली जाते, गोळ्या वेगळ्या. तिथे कडेला उभं राहून ती भरत बसू नका. आहे तशी ठेवून द्या आणि त्याची गाडी नजरेआड झाल्यावरच निघा.