रोलिंग मशीनवरचं सरकतं छप्पर

नवी मुंबईजवळ तळोज्याच्या आमच्या यार्डात प्लेट रोलिंग मशीन, म्हणजे जाड लोखंडी पत्रा वाकवून गोल करणारं यंत्र, उघड्यावर आहे, आणि ते उघड्यावरच हवं. तीन मीटर व्यासाचा शेल (टाकीचं गोल अंग) रोल होताना मशीनच्या वर चढतो, प्लेट हायड्राला (चाकांवरच्या क्रेनला) लटकून येते. पक्की शेड आड येते. म्हणून पहिल्या वर्षी मी चाकांवरचं हलकं छप्पर केलं, सगळं लक्ष पावसाकडे ठेवून. मे महिन्यात, पावसाच्याही आधी, एका वळवाच्या रात्री ते रुळावरून उठलं आणि कंपाउंडच्या भिंतीला जाऊन टेकलं. खाली कोणी नव्हतं, नशीब.

तेव्हापासून पहिला हिशेब वाऱ्याचा. आयएस ८७५ भाग ३, म्हणजे वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक, त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय, पुण्यासाठी ३९. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणा: ४४ ला चौरस मीटरमागे ११६० न्यूटन दाब, म्हणजे जवळपास ११८ किलो. चार बाय तीन मीटरच्या छपराला चौदाशे किलोची उचल, आणि छप्पर स्वतः जेमतेम तीनशे किलोचं! नेमके गुणांक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लावून घ्या, पण उरलेले अकराशे किलो कोण धरणार हे तुम्हालाच ठरवायचंय. आम्ही रूळ म्हणून छोटा आय-बीम टाकतो आणि प्रत्येक चाकाशेजारी जाड प्लेटचा हुक बीमच्या वरच्या फ्लँजखाली (आडव्या पट्टीखाली) घेतो, मध्ये ५ मिमी मोकळं ठेवून. बीमचे बोल्ट काँक्रीटच्या पायात. घनमीटर काँक्रीट साधारण २४०० किलो भरतं, म्हणजे एवढ्या छपराखाली अर्धा घनमीटर तरी हवंच. मी पाऊण ओततो.

मशीन सात मीटर लांब, म्हणून छपराचे असे तीन तुकडे केले, डब्यात डबा जावा तसे, प्रत्येकाची रुळांची जोडी वेगळी. तीन-तीन मीटरचे तीन, ३० सेंमीचे दोन जोड वजा जाता ८.४ मीटर झाकलं जातं. सगळ्यात मोठा डबा पश्चिमेला. कौलं चढवताना वरचं खालच्यावर येतं तसाच इथला नियम: पाऊस नैऋत्येकडून मारतो, तेव्हा जोडाचं तोंड पूर्वेकडे उघडायला हवं. उलटं केलंत तर कितीही रबर लावा, पाणी आत येणारच. उघडताना मोठा डबा मशीनच्या पलीकडे सरकतो आणि बाकीचे दोन त्याच्या पोटात शिरतात. त्यासाठी रूळ पश्चिमेला तीन मीटर जास्त हवेत.

चाकांत बहुतेक जण फसतात. दोन्ही बाजूंना व्ही-खाचेची चाकं लावली की रुळांतलं अंतर दोन-चार मिलिमीटर चुकलं तरी डबा तिरका होऊन अडकतो. एका बाजूला उलट्या अँगलवर व्ही चाक, दुसरीकडे सपाट पट्टीवर सपाट चाक, एवढंच करा. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर रुंदीच्या निम्म्याहून कमी ठेवू नका. मोटर मी लावत नाही. वादळ यायला लागलं की आमच्याकडे आधी लाइट जाते, आणि तीनशे किलोचा डबा दोन हेल्पर आरामात ढकलतात.

छप्पर चारी बाजूंनी बंद करण्याचा मोह टाळा. बंद झाकणाखाली रात्री लोखंडाला घाम फुटतो आणि पावसाचा थेंबही न लागता रोल गंजतात. खाली हाताएवढी फट, वर पूर्वेच्या बाजूला जाळी, आणि मशीनच्या विजेच्या पॅनेलमध्ये छोटा हीटर.

संध्याकाळी डबे बंद केले की प्रत्येकाला रुळात दोन लॉकपिना. पिना साखळीने फ्रेमलाच वेल्ड करून टाका. सुट्या ठेवल्यात तर गणपतीपर्यंत त्यातली एकही सापडत नाही.