निवृत्तीनंतर परदेशी स्थायिक होताना तिथल्या भाषेची तयारी

निवृत्तीनंतर परदेशात राहायला जाणारी माणसे घर, व्हिसा आणि आरोग्यविमा यांची चौकशी वर्षभर आधीपासून करतात, पण भाषा मात्र ‘तिथे गेल्यावर कानावर पडून येईल’ म्हणून सोडून देतात. नोकरदाराला किंवा शाळकरी मुलाला ती तशी येतेही, कारण दिवसभर ती त्याच्या कानावर पडत असते. निवृत्त माणसाला ना कचेरी असते ना शाळा, आणि घरात तर आपलीच भाषा चालते. म्हणून निघण्यापूर्वी निदान वर्षभर रोज अर्धा-पाऊण तास अभ्यासाला द्यावा.

युरोपात भाषेच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या मानतात. पोर्तुगालच्या किंवा स्पेनच्या नागरिकत्वासाठी ए-२ एवढी पातळी मागितली जाते, पण डॉक्टरांपुढे किंवा घरमालकापुढे आपली बाजू नीट मांडायची असेल, तर बी-१ हे ध्येय ठेवावे. त्याला किती वेळ लागेल हे भाषेवर अवलंबून आहे. इंग्रजी भाषकांना जपानी शिकवायला अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था सुमारे २२०० तास धरते, तर स्पॅनिशला त्याच्या साधारण एक-तृतीयांश. कुठली भाषा शिकायची, याचीही आधी खात्री करून घ्यावी. बार्सिलोनात स्पॅनिशबरोबर कातालानही कानावर पडते, आणि ब्राझीलच्या उच्चारांवर पोर्तुगीज शिकलेल्या माणसाला लिस्बनमधले, स्वर गिळून केलेले बोलणे सुरुवातीला कळतच नाही.

सर्वाधिक मेहनत दुखण्याखुपण्याच्या भाषेवर घ्यावी, कारण या वयात तिचीच गरज वारंवार पडते. मराठीत आपण कळ, ठणका, चमक, मुरडा आणि जळजळ यांत सहज फरक करतो, आणि डॉक्टरांना निदानासाठी नेमका तोच फरक हवा असतो. तेव्हा ‘इथे दुखते’ एवढ्यावर न थांबता कधीपासून, कशा प्रकारचे आणि कशाने वाढते, हे सांगणारी वाक्ये तोंडपाठ करावीत. इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांवर भरवसा ठेवू नये; स्पेनमध्ये ‘कोन्स्तिपादो’ म्हणजे बद्धकोष्ठ झालेला नव्हे, तर सर्दी झालेला माणूस. औषधांची यादी कंपनीच्या नावांनी न करता औषधद्रव्याच्या आंतरराष्ट्रीय नावांनी करावी, कारण कंपनीचे नाव देशागणिक बदलते.

त्यानंतर आकडे आणि वेळा शिकाव्यात. जर्मन माणूस ‘हाल्ब द्राय’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘अर्धे तीन’, तेव्हा त्याला अडीच म्हणायचे असते. ते साडेतीन समजणारा माणूस डॉक्टरांकडे तासभर उशिरा पोहोचतो. आपला ‘अडीच’ही ‘अर्धतृतीय’ यावरूनच आलेला आहे, हे लक्षात ठेवले की मराठी माणसाची ही चूक होणार नाही.

फोनवर बोलणे सर्वांत अवघड जाते, कारण समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. शिवाय वयोमानाने उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात आणि स, फ यांसारखी व्यंजने निसटतात. त्यामुळे ‘आता डोक्यात काही शिरत नाही’ असे ठरवून मोकळे होण्याआधी कान तपासून घ्यावेत. ज्याला दोष स्मरणशक्तीचा वाटत होता, त्याची अडचण कित्येकदा श्रवणयंत्राने दूर होते.

आपण अडखळलो की समोरचा माणूस भलेपणाने इंग्रजीवर येतो. अशा वेळी ‘मी शिकतो आहे, कृपया तुमच्याच भाषेत सावकाश बोला’ हे वाक्य न संकोचता वापरावे. भाषांतराचे ॲप बाजारात उपयोगी पडते, पण भाडेकरार किंवा मृत्युपत्र यांच्यासाठी अधिकृत अनुवादकाचे पैसे खर्च करावेतच, आणि न समजलेल्या कागदावर सही करू नये.

जोडप्यांमध्ये बहुधा एकच जण भाषा शिकतो आणि दुसरा त्याच्या आधाराने राहतो, याची मला फार काळजी वाटते, कारण बोलणारा रुग्णालयात असेल त्या दिवशी बोलावे लागते ते नेमके दुसऱ्याला. म्हणून दोघांनीही शिकावे, आणि ज्याला कमी येते त्याने तरी आपला पत्ता, जोडीदाराचे आजार आणि ‘रुग्णवाहिका पाठवा’ हे वाक्य स्थानिक भाषेत, उच्चार देवनागरीत लिहून, फोनजवळ चिकटवून ठेवावे. युरोपीय संघाच्या देशांत त्याच कागदावर सर्वांत वर ११२ हा क्रमांक असावा. महिन्यातून एकदा तो कागद त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा.