एसीएल कॉपी करताना या चुका टाळा

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी मी सीमध्ये छोटा बॅकअप प्रोग्रॅम लिहिला होता. लिनक्स सर्व्हरवर दरांची फाइल: मालकी अकाउंट्सची, स्टोअरच्या ग्रुपला फक्त वाचायची मुभा आणि सेल्सच्या एकाच माणसाला सेटएफएसीएल कमांडने दिलेली लिहिण्याची परवानगी. अशा एकेका माणसाला किंवा ग्रुपला दिलेल्या परवानग्यांची यादी म्हणजे एसीएल (अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट). मूळ फाइल खराब झाली म्हणून बॅकअपमधली प्रत जागेवर ठेवली. दोन दिवसांनी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन: "सर, स्टोअरवाल्यांना दर बदलता येतायत!"

चूक माझीच. स्टॅट फंक्शनने मूळ फाइलच्या परवानग्यांचे आकडे वाचले, ०६६० (मालक ६, ग्रुप ६, इतर ०; ६ म्हणजे वाचा-लिहा, ४ म्हणजे फक्त वाचा), आणि तेच परवानग्या बदलणाऱ्या एफसीएचमॉडने प्रतीला लावले. पण फाइलवर वाढीव एसीएल असली की मधला ६ ग्रुपचा राहत नाही. तो मास्क असतो. म्हणजे मालक आणि 'इतर' सोडून बाकी सगळ्यांच्या परवानगीची कमाल मर्यादा. सेल्सच्या माणसापायी ती 'वाचा-लिहा' झाली होती. प्रतीवर एसीएलच नव्हती, त्यामुळे तो ६ थेट स्टोअर ग्रुपच्या पदरात पडला. फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएस -एलमध्ये परवानग्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं, की मधल्या तीन अक्षरांवर जाऊ नका, पूर्ण एसीएल दाखवणारी गेटएफएसीएल कमांड चालवा.

दुरुस्ती करताना उलटी फजिती झाली. उघडलेल्या फाइलची एसीएल वाचणारं एसीएल_गेट_एफडी आणि ती लावणारं एसीएल_सेट_एफडी नीट लिहिलं आणि शेवटी 'सुरक्षेसाठी' एफसीएचमॉड ०६४०. झालं, मास्क फक्त वाचण्यापुरता उरला. सेल्सच्या माणसाची नोंद शाबूत, पण तिच्यापुढे 'इफेक्टिव्ह: आर--', म्हणजे प्रत्यक्षात फक्त वाचायची मुभा. लिहिता काही येईना.

म्हणून क्रम असा ठेवा: फाइल ०६०० ने तयार करा, मजकूर भरा, मालकी बदला आणि एसीएल सगळ्यात शेवटी. रिटर्न व्हॅल्यू तपासाच. ईनॉटसप हा एरर आला तर त्या फाइलसिस्टिमवर एसीएल चालत नाही. तेव्हा ग्रुपचे बिट स्टॅटमधून न घेता मूळ एसीएलच्या एसीएल_ग्रुप_ओबीजे, म्हणजे फाइलच्या ग्रुपच्या स्वतःच्या नोंदीतून घ्या.

फोल्डरची डीफॉल्ट एसीएल (आत नव्याने बनणाऱ्या फाइलींना मिळणारी) वेगळी असते, एफडीवाल्या फंक्शनला ती मिळत नाही, एसीएल_गेट_फाइल वापरा. साध्या फाइलवर डीफॉल्ट मागितली तर ईअ‍ॅक्सेस येतो, म्हणजे 'परवानगी नाही', आणि आपण उगाच रूट-रूट करत बसतो. मेमरी मोकळी करणारं एसीएल_फ्री विसरू नका. प्रोग्रॅम लिंक करताना एसीएलची लायब्ररी जोडणारं -एलएसीएल लागतं, हे मला दर वेळी एरर आल्यावरच आठवतं.

आता प्रत झाली की मूळ आणि प्रत दोन्हींच्या गेटएफएसीएलवर फरक दाखवणारी डिफ कमांड चालवतो. फाइलच्या नावाची ओळ सोडून काही निघालं, तर प्रत बाद.